टेकडी, ओढा आणि माळ: विकास आराखड्यात नेमकं काय मागायचं

प्रश्न असा आला आहे: "आमच्या नगरपरिषदेनं सुधारित विकास आराखडा करण्याचा इरादा जाहीर केलाय. गावाला लागून टेकडी आहे. तिच्यावरून उतरणारा ओढा वस्तीतून जाऊन नदीला मिळतो आणि पायथ्याशी तीसेक एकर माळ अजून मोकळा आहे. जमीन बहुतेक खासगी. या सगळ्यावर 'उद्यान' असं आरक्षण टाकावं म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. एवढ्यानं जागा वाचेल का? आणखी काय करावं?"

नगररचनेच्या कामात हयात गेली, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो. सह्या जरूर जमवा, पण अर्जातली मागणी बदला. टेकडी, ओढा आणि माळ यांना एकच मागणी चालत नाही. टेकडीसाठी तर उद्यानाचं आरक्षण हा सगळ्यात कच्चा मार्ग आहे.

नकाशावर हिरवा रंग दिसला की लोक निश्चिंत होतात. पण तो रंग दोन अगदी निराळ्या कारणांनी येतो. एक म्हणजे आरक्षण: ही जमीन सार्वजनिक कामासाठी आम्ही तुमच्याकडून घेणार, असं नियोजन प्राधिकरण मालकाला सांगतं. दुसरा म्हणजे विभाग, बोलीभाषेत झोन. जमीन तुमचीच राहील, पण तिचा वापर अमुक इतकाच करता येईल, एवढंच त्यात असतं. पहिल्यात पालिकेच्या डोक्यावर पैसे देण्याची जबाबदारी येते, दुसऱ्यात सहसा येत नाही. पहिलं मुदतीनं मरतं. दुसरं आराखडा बदलेपर्यंत जिवंत राहतं.

मरतं कसं, ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक पालिकेला 'जमीन विकत घ्या' अशी खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा संपादनाचं ठोस पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर लागू, तोच या जमिनीला मिळतो. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, २००९ मध्ये बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस. मुदत वाढली म्हणून पालिकांच्या तिजोऱ्या भरल्या असं काही झालं नाही. शिवाय 'पाऊल' म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात स्पष्ट केलंय. सभेचा ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवला, एवढ्यानं भागत नाही. संपादनाची रीतसर घोषणा व्हावी लागते. आणि घोषणा करायची तर पैसे हवेत.

आता तुमच्या माळाचा हिशेब करू. तीस एकर म्हणजे साधारण बारा हेक्टर, एक लाख वीस हजार चौरस मीटर. रेडीरेकनरचा दर समजा चौरस मीटरला ३,००० रुपये धरला, तर किंमत ३६ कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तिच्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे शहरी हद्दीतसुद्धा दुप्पट: ७२ कोटी, व्याज वेगळं. हा दर मी उदाहरणासाठी घेतला आहे, तुम्ही तुमच्या गट नंबरचा घाला. मग नगरपरिषदेचं अंदाजपत्रक मागवा आणि 'भूसंपादन' या शीर्षाखाली किती तरतूद आहे ते बघा. बहुतेक नगरपरिषदांत ती पाहून हसू येईल. टेकडी, ओढा, माळ सगळ्यावर आरक्षण टाकलं तर अकराव्या वर्षी वकील खरेदी सूचना घेऊन हजर होतील, आणि ज्या जमिनीला उतारामुळे मुळात बांधकामच मिळालं नसतं, तिच्यासाठीही पालिकेला भांडावं लागेल.

म्हणून निसर्गानंच जिथे बांधकाम नाकारलंय तिथे विभाग मागा, आणि लोकांना जिथे प्रत्यक्ष पाय ठेवायचाय तेवढंच आरक्षणात मागा, तेही पालिकेला पेलेल इतकंच. उरलेल्यासाठी नियमांमधली अट मागा. यातली प्रत्येक गोष्ट मागण्याचा पुरावा वेगळा असतो, आणि लोक कमी पडतात ते तिथेच.

टेकडीपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम, तोडणं, भरणं, सपाटीकरण करता येत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर जी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात हे आहे. एकास पाच म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. अंशांत मोजलं तर जेमतेम सव्वाअकरा. डोळ्याला हा उतार फार तीव्र वाटत नाही, म्हणूनच 'एवढा तर चढ आहे' म्हणून तो सुटतो.

हा उतार घरबसल्या तपासता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची एकास पन्नास हजार प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, घ्या. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटर उंचीच्या अंतरानं असतात. वीस मीटर चढ शंभर मीटरच्या आत झाला, तर उतार एकास पाचपेक्षा तीव्र. आणि या नकाशावर जमिनीवरचे शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. साधी शाळकरी पट्टी ठेवा. दोन लगतच्या रेषांमध्ये दोन मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल, तो पट्टा पेन्सिलीनं रंगवा. मग तोच पट्टा गाव नकाशावर उतरवून कोणते गट नंबर त्यात येतात याची यादी करा. ही तपासणी स्थूल आहे, अंतिम मोजणीला एक-दोन मीटरच्या समोच्च रेषांचं सर्वेक्षण लागतं. पण सुनावणीत 'टेकडी वाचवा' म्हणणारा अर्ज आणि 'गट नंबर अमुक ते तमुक यांचा उतार टोपोशीटनुसार एकास पाचपेक्षा जास्त आहे, सबब ते टेकडीमाथा-टेकडीउतार विभागात दाखवावेत' असं म्हणणारा अर्ज यांची किंमत सारखी नसते. दुसऱ्या अर्जाला नगररचना अधिकाऱ्याला उत्तर लिहावं लागतं.

यात एक खोडी आहे, ती आधीच ओळखून ठेवा. आराखडा येणार म्हटल्यावर पायथ्याशी पोकलेन लागतात. मुरूम काढला, दोन-तीन टप्पे पाडले की नव्या सर्वेक्षणात तो तुकडा सपाट दिसतो आणि उताराचा नियम त्याला लागूच होत नाही. म्हणून उतार कोणत्या तारखेच्या सर्वेक्षणावरून ठरवला, ते आराखड्याच्या अहवालात नोंदवून घ्या. जुनी टोपोशीट आणि तारीख असलेली जुनी उपग्रह छायाचित्रं जोडून ठेवा. टेकडी फोडल्याचा परिणाम टेकडीपुरता राहत नाही, हेही समितीला सांगायला हवं. जून २०१३ मध्ये कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ टेकडीफोडीनं वाट बदललेलं पाणी थेट महामार्गावर आलं आणि मायलेकी वाहून गेल्या. तो पाऊस काही शतकातला मोठा नव्हता.

आता पुण्याचं उदाहरण, कारण टेकड्यांच्या बाबतीत राज्यात कुणी सगळ्यात मोठा घास घेतला असेल तर पुण्यानं. १९९७ मध्ये पालिकेच्या हद्दीत आलेल्या आणि नंतर राहिलेल्या २३ गावांचा आराखडा करताना बाणेर, बावधन, वारजे अशा भागांतल्या टेकड्यांच्या सुमारे ९७८ हेक्टरवर 'जैववैविध्य उद्यान' असं आरक्षण टाकलं गेलं. सगळे त्याला बीडीपी म्हणतात. लोकांनी सह्या केल्या, नगरसेवकांनी पक्ष विसरून हात वर केले, मोठी चळवळ झाली. दुसऱ्या बाजूनं निदान चार टक्के बांधकाम तरी द्या अशी मागणी होती आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी राज्य सरकारनं हे आरक्षण मंजूर केलं तोवर २०१५ साल उजाडलं होतं. बांधकाम नाही, मोबदल्यात आठ टक्के हरित टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), असा तो निर्णय.

आठ टक्के म्हणजे काय ते मालकाच्या जागी बसून पाहा. सपाटीवर उद्यानासाठी हजार चौरस मीटर जमीन देणाऱ्याला २०१६ च्या टीडीआर धोरणानुसार दाट वस्तीबाहेर दुप्पट, म्हणजे दोन हजार चौरस मीटरचा हक्क मिळतो. टेकडीवरची हजार चौरस मीटर देणाऱ्याला मिळतात ऐंशी. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की टेकडीवर बांधकामाचा हक्क मुळात नव्हताच, मग ऐंशी तरी का द्यायचे? त्यात तथ्य आहे. पण मग त्याला आरक्षण कशाला म्हटलं? आरक्षण म्हटलं की मालक 'घ्या आणि पैसे द्या' म्हणणार, न्यायालयही त्याचंच ऐकणार. झालं असं की जमीन द्यायला पुढे येणारे थोडे निघाले, एकूण क्षेत्राच्या मानानं ताब्यात आलेली जमीन किरकोळ राहिली आणि मधल्या काळात काही टेकड्यांवर गुंठ्यागुंठ्यानं तुकडे विकले गेले. तुकडा घेणारा माणूस साधा असतो, त्याला नकाशा कुणी दाखवलेला नसतो. त्याचं पत्र्याचं घर उभं राहिलं की प्रश्न टेकडीचा राहत नाही, पुनर्वसनाचा होतो. २०२५ मध्ये राज्य सरकारनं पुन्हा या विषयावर अभ्यासासाठी समिती नेमली. म्हणजे वीस-बावीस वर्षांनी गाडी फिरून पुन्हा मोबदल्यावरच.

यावरून बीडीपी फसली असं माझं म्हणणं नाही. ती नसती तर आज बाणेरच्या टेकडीवर काय असतं याची कल्पना करवत नाही. पण तुमच्यासारख्या लहान शहरानं तिची नक्कल करू नये. पुण्यात टीडीआरला निदान गिऱ्हाईक आहे. जिथे बिल्डरला मूळ एफएसआयच, म्हणजे भूखंडावर मुळात मिळणारं बांधकामच, पुरून उरतो, तिथे टीडीआरचा दाखला कपाटात पडून राहतो, आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं. तेव्हा टेकडीवर आरक्षण नको, टेकडीमाथा-टेकडीउतार विभाग मागा. माथ्यावर देऊळ, जुना तलाव, सकाळी फिरायला जाण्याची रुळलेली वाट असं काही असेल, तर तेवढी वाट आणि तेवढा माथा आरक्षणात मागा. हे दोन-तीन एकर पालिका विकत घेऊ शकते.

टेकडीचा काही भाग वनखात्याचा आहे का, हेही बघा. सातबाऱ्यावर 'वन' अशी नोंद असेल, तर १९८० चा वनसंवर्धन कायदा लागतो आणि तिथे पालिकेचं मतच चालत नाही. गायरान असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल हाताशी ठेवा. गावाच्या सामाईक जमिनी खासगी हातांत जाऊ देऊ नयेत, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. झाडांच्या १९७५ च्या कायद्यावर मात्र फार विसंबू नका. तो झाडं राखतो, जमीन राखत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालं, पण ज्या टेकडीवर नुसतं गवत आहे तिला त्या कायद्याचा उपयोग शून्य. आणि आपल्या टेकड्यांवर गवतच असायला हवं! पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, ज्याला आपण गिरिपुष्प म्हणतो, इतका लावला गेला की मूळचं गवत आणि त्यावरचे पक्षी मागे हटले. तेव्हा अर्जात 'वृक्षारोपण करावे' असं उत्साहानं लिहू नका.

ओढ्याचं काम टेकडीपेक्षा निकडीचं आहे, कारण ओढा नकाशातून नाहीसा होतो, आणि तो आराखड्याच्या पहिल्याच पायरीवर. आराखडा करताना आधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो. हल्ली तो एजन्सीकडून उपग्रह छायाचित्रावरून काढून घेतात. छायाचित्र उन्हाळ्यातलं असेल, तर कोरडा ओढा म्हणजे दोन शेतांमधली मळकट रेघ. संगणकावर बसलेल्या मुलाला ती बांधासारखी दिसते. कधी ओढा दाखवतात, पण एका बारीक निळ्या रेषेनं, जणू त्याला रुंदीच नाही. एकदा त्या नकाशात ओढा रेषा झाला, की आराखड्यात तीच रेषा येते, ले-आऊट मंजूर करणारा तिच्या दोन्ही बाजूंनी भूखंड पाडतो आणि शेवटी नऊशे मिलिमीटरच्या सिमेंटच्या पायपांतून ओढा 'वळवला' जातो.

म्हणून हरकतींची वाट पाहू नका. इरादा जाहीर झालाय, म्हणजे विद्यमान जमीनवापराचं काम आता सुरू असेल किंवा होईल. आत्ताच भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. जुन्या गाव नकाशावर ओढा दोन रेषांनी, म्हणजे रुंदीसकट दाखवलेला असतो. ज्या गटांतून तो जातो त्यांचे सातबारे काढा आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, बघा. 'वर्ग ब' म्हणून जे क्षेत्र असतं, त्यात ओढे, नाले, रस्ते, तळी अशा सार्वजनिक गोष्टींखालची जमीन येते. कागद सांगतोय की ओढ्याखाली अमुक गुंठे जमीन आहे, आणि नकाशा सांगतोय की तिथे काहीच नाही. ही विसंगती लेखी, पोच घेऊन, आराखड्याचं काम पाहणाऱ्या नगररचना अधिकाऱ्याकडे द्या. पावसाळ्यातले फोटो जोडा, प्रत्येक फोटोमागे गट नंबर आणि तारीख.

नदीच्या बाबतीत जलसंपदा विभाग पूररेषा आखून देतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्या ते लाल नियंत्रित. कोल्हापूरनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले तेव्हा या रेषांवरून किती भांडणं झाली, ते तुम्ही वाचलं असेल. पण ओढ्यांच्या पूररेषा कुणी आखत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात हाहाकार झाला तो नदीमुळे नव्हे. कात्रजच्या बाजूनं शहरात उतरणारा आंबील ओढा आणि तसेच दुसरे ओढे फुगले, सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या आणि शहर-परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांतल्या कित्येकांचे नकाशे रीतसर मंजूर होते.

तेव्हा ओढ्यासाठी तीन गोष्टी मागा. महसुली रुंदीइतकं पात्र नकाशावर क्षेत्र म्हणून दाखवावं, रेषा म्हणून नव्हे. दोन्ही काठांना किती मीटर बांधकाम नको, ते आकड्यात लिहावं. आणि पात्र वळवायला किंवा झाकायला मनाई असावी. 'ओढ्याचे सुशोभीकरण' हे शब्द अर्जात येऊ देऊ नका. सुशोभीकरणाच्या नावाखाली दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि तळाला फरशी एवढंच होतं, आणि पाणी दुप्पट वेगानं खालच्या वस्तीत जातं.

आता प्रक्रियेबद्दल. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. हरकती नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. या जाणकारांत पर्यावरणाची जाण असलेली व्यक्तीही घेता येते, तशी कायद्यातच तरतूद आहे. पण मागणी केली नाही तर चारही जागा निवृत्त अभियंत्यांना जातात. (मी त्याच जातीचा, म्हणून मोकळेपणानं लिहितो.) एखाद्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाचं नाव वेळेवर संचालकांकडे पाठवा.

सह्यांबद्दल एक सूचना. एकाच मजकुराच्या दोन हजार झेरॉक्स आल्या की त्यांचा एक गठ्ठा होतो, एक अनुक्रमांक पडतो आणि शेरा एक ओळीचा मिळतो. त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगवेगळे अर्ज द्यावेत. एकानं उताराचा, एकानं ओढ्याच्या रुंदीचा, एकानं पायथ्याच्या विहिरींचा, एकानं शाळेच्या मैदानाचा. प्रत्येकानं सुनावणीला स्वतः हजर राहावं आणि सोबत भाग नकाशा न्यावा. टेकडीच्या मालकांपैकी एक-दोघे जरी विभागाच्या बाजूनं बोलले, तर दोन हजार सह्यांपेक्षा ते जड पडतं. त्यांच्याशी आत्ताच बोला. 'तुमची जमीन काढून घेणार' असं त्यांना तुमच्या सह्यांच्या कागदावरून वाटतंय, ते खोडून काढा. विभागात जमीन त्यांचीच राहते, शेती, फळबाग, चराई चालू राहते.

समितीचा अहवाल आला, सभेनं मंजुरी दिली, आराखडा सरकारकडे गेला, की बहुतेक मंडळी घरी जातात. खरा धोका त्यानंतर असतो. कलम ३१ खाली सरकार आराखडा मंजूर करताना काही भाग वगळतं आणि मोठ्या स्वरूपाच्या बदलांवर पुन्हा हरकती मागवतं. या बदलांना ईपी, म्हणजे 'वगळलेला भाग', असे क्रमांक पडतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते. टेकडीचा एखादा कोपरा रहिवास विभागात गेला असेल तर तो याच यादीत सापडतो. म्हणून एका माणसाला एवढंच काम द्या: राजपत्र बघत राहायचं.

मंजुरीनंतरही कलम ३७ चं दार उघडं असतं. त्याखाली आराखड्यात किरकोळ बदल करता येतो. किरकोळ म्हणजे आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणारा, पण व्यवहारात मैदानाचं आरक्षण उठवणारे बदलही याच वाटेनं येतात. तिथेही नोटीस आणि हरकती असतात, त्यामुळे लक्ष असलं तर अडवता येतं. 'बाग कशाला, इथे दवाखाना होऊ द्या की' असा युक्तिवाद आला तर बंगळूरचं प्रकरण सांगा. तिथे उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. दवाखाना चांगला की बाग, हा तिथे मुद्दाच नव्हता. लोकांसाठी राखलेली जागा कुणाच्या मर्जीनं खासगी हातात देता येत नाही, एवढाच मुद्दा होता.

नियमातला छोटा बदल किती महाग पडतो, ते मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलं. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होणार होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं हे वाटे संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जमिनीपुरते राहिले. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती हिशेबातूनच गेली, आणि गिरणीची बहुतेक जमीन शेडखालीच असते. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. परळ-लोअर परळमध्ये आज मैदान शोधत फिरणाऱ्या पोरांना त्या दुरुस्तीचा क्रमांक माहीत नसेल.

गोव्यातल्या वाचकांना यातलं काही नवीन नाही. लोकांच्या रेट्यामुळे २००७ च्या सुरुवातीला सरकारनं आख्खा प्रादेशिक आराखडा २०११ मागे घेतला, हे आपल्याकडे क्वचितच घडलंय. पण पुढे नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. 'अनवधानानं झालेल्या चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलता येऊ लागला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याखालचे नियम रद्द केले. आख्खा आराखडा एका मोठ्या मोर्चानं थांबवता येतो. सर्व्हे नंबरामागून सर्व्हे नंबर बदलत जाणं थांबवायला दर आठवड्याला कागद वाचणारं कुणीतरी लागतं.

राहिला माळ. इथे मी थोडं कटू बोलणार आहे. तीस एकर सपाट, गावालगतची खासगी जमीन, ना तीव्र उतार, ना पूररेषा. ती सगळी मोकळी राहील अशी आशा ठेवू नका. ती राखायला ७२ कोटी नाहीत, आणि नुसता शेती विभाग म्हणून ठेवली तरी पाच-सात वर्षांत कलम ३७ चा प्रस्ताव येईल किंवा गुंठेवारी होईल. गुंठेवारीपेक्षा रीतसर ले-आऊट कधीही परवडला. तेव्हा शाळेला लागून तीन-चार एकर मैदानाचं आरक्षण मागा आणि त्याच्या संपादनाची तरतूद पहिल्या पाच वर्षांच्या अंमलबजावणी कार्यक्रमात लिहून घ्या. एवढं पालिकेला जमेल.

उरलेल्या माळावर ले-आऊट पडतील, आणि चाळीस गुंठ्यांहून मोठ्या प्रत्येक ले-आऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. नेहमी होतं काय, की प्रत्येक बिल्डर ही जागा आपल्या भूखंडातल्या सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात ढकलतो: विजेच्या तारेखाली, डीपीच्या खांबाला लागून, त्रिकोणी. पंचवीस-सव्वीस एकरांतून अडीच एकर मिळतात खरे, पण आठ ठिकाणी विखुरलेले, आणि सातबाऱ्यावर नाव बिल्डरचंच. पंधरा वर्षांनी तिथे क्लब हाऊस उभं राहतं.

हे टाळायला आराखड्याच्या अहवालात एक अट मागा. मजकूर देतो (अभिन्यास म्हणजे ले-आऊट), तसाच अर्जात घाला: 'गट नंबर अमुक ते तमुक यांमधील सर्व अभिन्यासांतील मोकळी जागा ओढ्याच्या काठालगत, सलग आणि शेजारच्या अभिन्यासातील मोकळ्या जागेस जोडून ठेवण्यात यावी, तिला सार्वजनिक रस्त्यावरून प्रवेश असावा, आणि अंतिम मंजुरीपूर्वी तिची नोंद सातबाऱ्याच्या इतर अधिकारात करण्यात यावी.' ओढ्याचा मोकळा काठ आणि हे अडीच एकर एकत्र आले, तर टेकडीच्या पायथ्यापासून नदीपर्यंत चालत जाता येईल असा सलग पट्टा मिळतो, आणि पालिकेला त्यासाठी एक रुपयाही संपादनावर खर्च करावा लागत नाही. नगररचना अधिकारी सुरुवातीला म्हणतील की अशी अट नियमात बसत नाही. तेव्हा त्यांना विचारा, नियमात कुठे मनाई आहे ते दाखवा, आणि त्यांचं उत्तर लेखी मागा.